पन्नास रुपये दंड

दिवस पहिला आणि दुसरा

दोन पुस्तकं मला सापडत नव्हती. पहिलं, आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची १९६३ सालची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. आमच्याकडची प्रत वाळवीने खाल्ली. दाखल नोंदवहीत तिच्यापुढे माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी तांबड्या शाईत 'बाद' लिहून सही केली आहे, तेवढाच काय तो पुरावा. दुसरं, आमच्या सरांचा कवितासंग्रह. १९७१ साली सरांनी पदरमोड करून तीनशे प्रती छापल्या, दोनशे वाटल्या, उरलेल्या एका पावसाळ्यात पुराच्या पाण्यात गेल्या. आता सरांकडेसुद्धा प्रत नाही.

"कोलकात्याला असणारच," मी एकदा बोलून गेले. "कायदाच आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जाते."

सर काही बोलले नाहीत. काकू मात्र लगेच म्हणाल्या, "मग जाऊ या की. मला कालीघाट बघायचाय."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं गीतांजली एक्सप्रेसने निघालो. सर एकोणऐंशी वर्षांचे, काकू त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान आणि तीस वर्षांनी चपळ. सरांनी मला आठवीत मराठी शिकवलं आणि नोकरीला लागल्यावर मोडी. त्यामुळे प्रवासात तिकिटं माझ्याकडे असली तरी वर्ग त्यांचाच चालू होता. संध्याकाळी नागपूर आलं. डबे भरले, संत्रीवाले येऊन गेले, आणि सर खिडकीतून फलाटाकडे बघत म्हणाले, "रघूजी भोसल्यांच्या फौजा इथूनच बंगालवर गेल्या. म्हणजे आपणही बर्गींच्याच, त्या मराठी स्वारांच्याच, वाटेने चाललोय."

"त्यांनी चौथाई मागितली," मी म्हटलं, "आपण दोन पुस्तकं मागतोय."

१७४१ पासून दहा वर्षं त्या स्वाऱ्या चालू होत्या. शेवटी नवाब अलीवर्दीखानाने तह केला. आपल्या शाळेत अटकेपार झेंडे शिकवतात, बंगालचं हे प्रकरण मात्र दीड ओळीत उरकतात. बंगालमध्ये अजूनही पोरांना झोपवायच्या अंगाईत बर्गी येतात. हे मला ठाऊक होतं, पण लॉजवरच्या मॅनेजरने आधारकार्ड बघून हसत "महाराष्ट्र? बर्गी!" म्हटलं तेव्हा कानशिलं जराशी तापलीच. सर मात्र खूश झाले.

हावड्याला दुपारी उतरलो. नदीखालून जाणारी मेट्रो आता झाली आहे, तिने एस्प्लनेडला गेलो. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. नदी डोक्यावरून वाहतेय ही कल्पना त्यांना रुचली नाही.

दिवस तिसरा

मूर्तीच्या आधी पायरी, असं म्हणून सरांनी पहिल्या दिवशी राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊच दिलं नाही. आधी मेटकाफ हॉल.

स्ट्रँड रोड आणि हेअर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ही इमारत आहे. ग्रीक देवळासारखी, चहूबाजूंनी उंच उंच खांब. काकूंनी प्रदक्षिणा घालून मोजले, तीस भरले. अथेन्सच्या वाऱ्यांच्या मनोऱ्यावरून या खांबांचा नमुना घेतलेला आहे. १८४० ते १८४४ या काळात ती बांधली ती चार्ल्स मेटकाफच्या सन्मानार्थ. गव्हर्नर जनरलपदावर जेमतेम वर्षभर असलेल्या या माणसाने १८३५ साली छापखान्यांवरचे निर्बंध उठवले. लोकांनी वर्गणी काढून त्याच्या नावाने पुतळ्याऐवजी पुस्तकांसाठी इमारत उभी केली, हे मला फार आवडलं. आमच्याकडे वाचनालयाच्या दारात पुतळे दोन आहेत आणि छत गळतं.

वाचनालय त्याआधीच सुरू झालं होतं, १८३६ साली. कलकत्ता पब्लिक लायब्ररी. सरकारी नव्हे, भागीदारांची. तीनशे रुपये एकदम किंवा हप्त्यांनी भरले की तुम्ही मालकांपैकी एक. पहिला मालक द्वारकानाथ टागोर, म्हणजे रवींद्रनाथांचे आजोबा. तीनशे रुपये तेव्हा कोणाकडे असणार? पण गरीब विद्यार्थ्यांना काही काळ फुकट वाचू द्यायची सोय होती, आणि गोरा-काळा भेद न करता ते सर्वांना खुलं होतं. मेटकाफने फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथालयातली ४६७५ पुस्तकं या नव्या संस्थेला दिली. ग्रंथपाल म्हणून पुढे प्यारीचाँद मित्र आले, ज्यांचं नाव बंगाली कादंबरीच्या इतिहासात पहिल्या पानावर असतं.

४६७५ हा आकडा मी वहीत लिहून घेतला आणि सरांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या. का, ते सहाव्या दिवशी कळलं.

नंतरची गोष्ट सगळ्या सार्वजनिक वाचनालयांची असते तीच. सुरुवातीचा उत्साह ओसरला, वर्गणी थकली, पुस्तकांवर धूळ बसली. दुसरीकडे १८९१ साली सरकारने आपल्या वेगवेगळ्या सचिवालयांची ग्रंथालयं एकत्र करून इम्पीरियल लायब्ररी केली होती. तिच्यात गृहखात्याचा संग्रह सगळ्यांत मोठा, आणि त्यात लंडनच्या ईस्ट इंडिया बोर्डाच्या ग्रंथालयातलीही पुस्तकं. पण ती वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती. लॉर्ड कर्झनने दोन्ही एकत्र केली आणि ३० जानेवारी १९०३ रोजी याच मेटकाफ हॉलमध्ये इम्पीरियल लायब्ररी जनतेसाठी उघडली. बंगालची फाळणी करणारा हाच कर्झन. पुस्तकं जोडली आणि दोन वर्षांनी प्रांत तोडला. सरांना हे वाक्य सुचल्यावर त्यांनी ते दिवसभरात तीनदा म्हटलं.

आता इथे पुस्तकं नाहीत. इमारत पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत प्रदर्शन असतं. आम्ही पायरीवर बसलो. समोर हुगळी, पलीकडे हावड्याचा पूल, आणि पानाच्या ठेल्यावर एक माणूस वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दुसऱ्याला ऐकवत होता.

हरिनाथ दे यांची गोष्ट सरांनी तिथे सांगितली. पहिले ग्रंथपाल जॉन मॅकफार्लेन हे ब्रिटिश म्युझियममधून आणलेले. त्यांच्यानंतर १९०७ साली हरिनाथ दे आले. या पदावरचे पहिले भारतीय. त्यांना ३४ भाषा येत असं सांगतात. १९११ साली ते वारले तेव्हा त्यांचं वयही ३४ होतं.

"वर्षाला एक भाषा," काकू म्हणाल्या. "पाळण्यात असतानासुद्धा?"

दिवस चौथा

अलिपूरच्या बसमध्ये कंडक्टरला "नॅशनल लायब्ररी" सांगितलं तर त्याने मान डोलावली आणि योग्य थांब्यावर "चिडियाखाना, चिडियाखाना" ओरडून आम्हाला उतरवलं. समोरच प्राणिसंग्रहालय आहे, १८७६ पासूनचं. काकूंनी तत्काळ जाहीर केलं की आज त्या वाघ बघणार, संध्याकाळी पाचला गेटवर भेटू.

रस्ता ओलांडला. फाटकापाशी बंगाली अक्षरांत पाटी. सर लावून लावून वाचायला लागले, "जा-ती-य ग्रं-था-गा-र." आणि थांबले. "जातीय?"

बंगालीत जाती म्हणजे राष्ट्र. जातीय म्हणजे राष्ट्रीय. आपल्याकडे त्या शब्दाचं काय झालं ते मी वेगळं सांगायला नको. बंगालीत पुस्तकाला 'बोई' म्हणतात. ती आपल्या वहीची बहीण असावी असा सरांचा तर्क. एकाच घरातले शब्द दोन प्रांतांत नांदायला गेले की त्यांचे स्वभाव असे बदलतात. राष्ट्रीय ग्रंथालय म्हणणारे आम्ही आणि जातीय ग्रंथागार म्हणणारे ते, दोघं एकाच फाटकातून आत गेलो.

आत तीस एकरांचा बेल्व्हेडियर आहे. जुने वृक्ष, मोठी हिरवळ, आणि हिरवळीच्या टोकाला पांढरा प्रशस्त वाडा. रुंद पायऱ्या चढून जाताना आपण पुस्तकं वाचायला नव्हे, अर्ज करायला आलोय असं वाटतं. जागा मीर जाफरने वॉरन हेस्टिंग्जला दिली अशी आख्यायिका आहे. हेस्टिंग्जने ती १७८० साली मेजर टॉलीला विकली. टॉलीज नाला ज्याच्या नावाने ओळखला जातो तो हाच. त्याच वर्षी १७ ऑगस्टला पहाटे या परिसराजवळ हेस्टिंग्ज आणि त्याच्याच मंडळाचा सभासद फिलिप फ्रान्सिस यांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांवर पिस्तुलं झाडली. फ्रान्सिस जखमी झाला, पण वाचला. कार्यकारी मंडळातली भांडणं आमच्याकडेही होतात. आमच्याकडे फक्त सभात्याग करतात.

१८५४ पासून हा वाडा बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचं निवासस्थान झाला. राजधानी दिल्लीला गेली, वाडा ओस पडत गेला. तिकडे इम्पीरियल लायब्ररीचीही फरफट चालू होती. १९२३ साली ती मेटकाफ हॉलमधून एस्प्लनेडच्या सरकारी इमारतीत गेली. दुसऱ्या महायुद्धात ती जागा सोडून चित्तरंजन अव्हेन्यूवरच्या जबाकुसुम हाऊसमध्ये. युद्ध संपल्यावर परत. आम्ही एकदा रंगकामासाठी अकरा हजार पुस्तकं समोरच्या शाळेत हलवली होती. परत आणली तेव्हा त्रेसष्ट कमी होती. त्यामुळे लाखो पुस्तकांची ही हलवाहलव वाचताना माझ्या पोटात कालवाकालव झाली. १९४८ साली कायदा करून नाव बदललं, इम्पीरियलची नॅशनल झाली, आणि मुक्काम इथे हलला. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझादांनी इथलं दार लोकांसाठी उघडलं. बी. एस. केशवन हे तेव्हा ग्रंथपाल.

आज पुस्तकं वाड्यात नाहीत. आवारातच भाषा भवन नावाची नवी, भलीमोठी इमारत आहे, वाचनकक्ष आणि ग्रंथसाठा तिथे. एकंदर २२ लाखांवर पुस्तकं. मी आमच्या साडेचौदा हजारांशी भागाकार करून पाहिला आणि सोडून दिला.

वाड्याची आणखी एक कथा तिथे बाकावर बसलेल्या एका वयस्कर वाचकाने आम्हाला हिंदीत सांगितली. २०१० साली दुरुस्तीच्या वेळी तळमजल्यावर एक खोली सापडली, जिला ना दार ना खिडकी ना झरोका. मग काय, अफवांना ऊत. हेस्टिंग्जचा खजिना, कैद्यांची छळकोठडी, काय वाट्टेल ते. पुढच्या वर्षी तपास झाला तेव्हा आत निघाली माती. पाया पक्का राहावा म्हणून भरलेली घट्ट माती.

"ऐसा है," ते गृहस्थ म्हणाले, "खजाना ऊपर रखा था, लोग नीचे खोद रहे थे." हे वाक्य त्यांनी शंभर जणांना ऐकवलं असणार, पण सांगताना चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुचल्याचा आनंद होता.

वाचकपत्राचा फॉर्म, फोटो, ओळखपत्र, सही यात बाकीचा दिवस गेला. पाच वाजता गेटवर काकू पांढरा वाघ पाहून आल्या होत्या आणि आम्ही सर आशुतोष मुखर्जींच्या संग्रहाची माहिती वाचून. त्यांना लोक 'बंगालचा वाघ' म्हणत. न्यायाधीश, कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू, आणि घरात पुस्तकं किती, तर सुमारे ८० हजार. कुटुंबीयांनी १९४९ साली ती सगळी या ग्रंथालयाला दिली आणि ती आजही वेगळी, त्यांच्या नावाने ठेवलेली आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाघ आहेत तर, असं मी म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "तुमचा झोपलेला असणार. माझा येरझाऱ्या घालत होता."

दिवस पाचवा

हा खरा कामाचा दिवस.

१९५४ चा कायदा असा : भारतात पुस्तक प्रसिद्ध झालं की तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची, आणि चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांनाही एकेक. दोन वर्षांनी वर्तमानपत्रंही त्यात घातली. प्रत साधीसुधी चालत नाही, छपाईतली उत्तम प्रत हवी, चित्रं-नकाशांसकट, नीट बांधलेली. आणि ग्रंथालयाने लेखी पोच द्यायची. माझ्या भरवशाचं मूळ ही पोचच होती. आमच्या पत्रव्यवहाराच्या जुन्या फायलीत ती मला सापडली होती. १९६३ सालच्या चिटणिसांनी स्मरणिका टपालाने पाठवली आणि आलेली पोच भोक पाडून फायलीला लावली. स्मरणिका वाळवीने खाल्ली, पोच सोडली. वाळवीचं काही सांगता येत नाही.

मराठी विभागाच्या टेबलाशी गेले. नाव सांगितलं. संगणकात शोधलं, मिळेना. सुवर्णमहोत्सव, सुवर्ण महोत्सव, सुवर्णमहोत्सवी. जोडून, तोडून, सगळं झालं. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ज्या देशात इतक्या लिप्या, त्याची एकच ग्रंथसूची करायची तर कुठल्या लिपीत? केशवनांच्या पुढाकाराने १९५८ साली भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची सुरू झाली तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला, सगळ्या भाषांतली नावं रोमन लिपीत आणायची, उच्चार कळावेत म्हणून अक्षरांवर रेघा आणि ठिपके देऊन. त्यामुळे तमिळ, उर्दू आणि मराठी पुस्तकं एकाच रांगेत उभी राहू शकली. पण आपलं 'ळ' आणि 'च' तिथे कुठल्या वेषात भेटेल याचा अंदाज यावा लागतो. आमच्या गावाच्या नावात दोन्ही अक्षरं आहेत.

टेबलावरच्या बाईंनी मला गावाचं नाव चार वेळा उच्चारायला लावलं. मग स्वतःशी पुटपुटत त्यांनी एक वेगळंच स्पेलिंग घातलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

होती.

मागणीची चिठ्ठी भरली. दीड तासाने ती परत आली, कारण पुस्तकाची कपाटातली जागा सांगणाऱ्या बोधांकाच्या जागी मी दाखल क्रमांक लिहिला होता. एकोणीस वर्षं मी लोकांच्या चिठ्ठ्यांवर हीच चूक काढत आले आहे. सरांनी चेहरा निर्विकार ठेवला; त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दुसरी चिठ्ठी. पुन्हा वाट. आणि मग समोर एक पातळ पुस्तिका आली, मागून बांधणी केलेली, पुठ्ठ्याच्या आत.

कागद बिस्किटासारखा तपकिरी. मधल्या टाचण्या गंजून त्यांच्याभोवती नारिंगी वर्तुळं उमटलेली. मुखपृष्ठावर आमच्या वाचनालयाची जुनी, कौलारू इमारत, जिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आत देणगीदारांची यादी, एक रुपयापासून. त्यात माझ्या आजोबांचं नाव : रुपये दोन. मला हे माहीत नव्हतं. पान उलटताना कोपरा मोडेल म्हणून मी तळहात खाली धरून, सीताफळाच्या फोडीसारखं उचलत होते. शेवटच्या पानावर निळसर शिक्का. १९५० च्या आणि ६० च्या दशकातला आपला कागद फार वाईट आहे; लाकडाच्या लगद्यातलं आम्ल त्याला आतून जाळत राहतं. त्याची छायाप्रत मिळाली, रीतसर पैसे भरून.

आता सरांचा संग्रह. सर म्हणाले, "असू दे गं, उशीर झाला." मी ऐकते कशाला! नाव घातलं, आडनाव घातलं, सगळे वेष देऊन झाले. गावाच्या नावाने, मुद्रणालयाच्या नावाने. टेबलावरच्या बाईसुद्धा इरेला पेटल्या. नव्हता. मी म्हटलं, सर, कार्डांच्या जुन्या सूचीत बघू, कधी कधी संगणकात यायचं राहतं.

"नको बघू," सर म्हणाले. "मी पाठवलाच नव्हता."

"म्हणजे?"

"प्रकाशक मीच होतो ना. चार ठिकाणी पाठवायचा, टपालखर्च, बांधणी करायची. पगार किती होता तेव्हा! म्हटलं, कोण वाचणार कोलकात्यात."

तेराशे मैल आणून हे सांगायचं. मला राग आला आणि हसूही. त्या कायद्यात कलम आहे : प्रत पाठवली नाही तर पन्नास रुपयांपर्यंत दंड, शिवाय पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम. मी ते सरांना वाचून दाखवलं. त्यांनी गंभीरपणे हिशेब केला. किंमत तीन रुपये. पन्नास अधिक तीन. "चार ग्रंथालयं म्हणजे दोनशे बारा," ते म्हणाले. "टपाल स्वस्त पडलं असतं."

दुपारनंतर त्यांना यदुनाथ सरकारांच्या संग्रहाची यादी बघायची होती. हा माणूस मराठी वाचकाच्या घशात अजून अडकलेला आहे. १९१९ साली इंग्रजीत शिवचरित्र लिहिलं, फारसी साधनांवर भर दिला, आणि पुण्याच्या संशोधकांशी वाद झाले ते झालेच. आपल्याकडे त्यांना आजही कोणी ना कोणी झोडपत असतो. पण रियासतकार सरदेसायांशी त्यांची मैत्री जन्मभराची. कामशेतला रियासतकारांच्या घरी ते येऊन राहत, आणि पेशवे दफ्तर उघडून त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांनी संपादित केले त्यामागे यदुनाथांचा रेटा होता. १९५८ साली ते गेले आणि त्यांची पुस्तकं, हस्तलिखितं, नकाशे या ग्रंथालयात आले. म्हणजे मराठ्यांविषयी जन्मभर वाचणाऱ्या एका बंगाल्याचं कपाट, मराठी विभागाशेजारच्या एखाद्या मजल्यावर.

सरांनी यादीची पानं शांतपणे चाळली. "मी याला वर्गात फार बोललोय," एवढंच म्हणाले.

दिवस सहावा

हावड्याहून लोकलने श्रीरामपूर, वीस-बावीस किलोमीटर. काकू आज बरोबर होत्या, कारण सरांनी नदीकाठ कबूल केला होता.

४६७५ या आकड्याखालच्या दोन रेघांचं उत्तर इथे. फोर्ट विल्यम कॉलेज म्हणजे कंपनीच्या कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायची शाळा. तिथे भाषा शिकवणारा मिशनरी विल्यम कॅरी राहायचा इथे, श्रीरामपुरात. कारण श्रीरामपूर डेन्मार्कच्या राजाचं होतं, आणि कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. १८०० साली कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी इथे छापखाना घातला. कॅरीकडे कॉलेजात मराठीही आली. पण शिकवायचं कशावरून? शिकवायला घेता येईल असं मराठीत छापलेलं पुस्तक हाताशी नव्हतं. म्हणून १८०५ साली त्याने मराठी व्याकरण छापलं, १८१० साली कोश. त्याच्या मदतीला होते वैजनाथ पंडित. पुढे सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, नागपूरकर भोसल्यांची वंशावळ.

म्हणजे मराठी छपाईचं मराठी माणसाने सांगायचं पहिलं पान पुण्या-मुंबईत नाही, हुगळीच्या काठी आहे. मुंबईत मराठी छपाई जोर धरेपर्यंत इथली पुस्तकं जुनी झाली होती. सर इथे थोडे उसळतात. त्याच १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली होती, तंजावरला सरफोजीराजांनी १८०६ मध्ये बालबोध मुक्तावली काढली, हे ते बजावून सांगतात. खरं आहे. पण गीता संस्कृत, आणि तंजावर तरी कुठे महाराष्ट्रात!

नदीकाठी कॉलेजची खांबांची इमारत आहे. १८१८ सालचं कॉलेज. लोखंडी फाटक आणि जिने डेन्मार्कच्या राजाची भेट. तिथल्या कॅरी ग्रंथालयात आम्हाला १८१० च्या कोशाचं पान दाखवलं. सरांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला.

शब्द मोडीत छापलेले आहेत. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, मोडीत. हे काय चमत्कारिक प्रकरण आहे ते मोडी लिहिणाऱ्यालाच कळेल. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग अक्षरं हात न उचलता, एकाच्या शेपटातून दुसरं काढत, पळवायची. मोडी म्हणजे हाताची धाव. आणि इथे तीच अक्षरं सुटी सुटी, शिशाच्या ठोकळ्यांतून, रांगेत उभी. कवायतीला उभ्या केलेल्या घोड्यांसारखी. "क आहे," सर बोट काचेला न लावता म्हणाले, "पण हा क कुठे जात नाहीये."

कोशाचा कागद मात्र आमच्या स्मरणिकेपेक्षा दीडशे वर्षांनी म्हातारा असून धडधाकट. चिंध्यांचा कागद होता तो. पुढे मिशनने स्वतःचा कागद करायला घेतला, किडीला दाद देणार नाही असा. १८२० साली त्या कारखान्यासाठी विलायतेहून वाफेचं इंजिन आणलं. त्याआधी मार्च १८१२ मध्ये छापखाना जळाला होता. अनेक भाषांचे खिळे वितळले, हस्तलिखितं गेली. पण खिळे पाडायचे मूळ ठसे राखेत शाबूत सापडले आणि पुन्हा ओतकाम सुरू झालं. अक्षरांचे हे ठसे कोरणाऱ्यांची परंपरा पंचानन कर्मकार नावाच्या बंगाली लोहाराने घालून दिलेली. आपल्या छापील अक्षराच्या मुळाशी असा एक लोहार बसला आहे, आणि मी एकोणीस वर्षांत वाचकांना त्याचं नाव एकदाही सांगितलं नव्हतं.

मग सरांनी वहीतल्या रेघा दाखवल्या. इथे छापलेली पुस्तकं फोर्ट विल्यमला गेली. फोर्ट विल्यमची ४६७५ पुस्तकं मेटकाफने पब्लिक लायब्ररीला दिली. ती इम्पीरियलमध्ये, आणि इम्पीरियल बेल्व्हेडियरला. "म्हणजे काल आपण बसलो होतो," सर म्हणाले, "ते ग्रंथालय ज्या ओंजळीतून सुरू झालं, तिच्यात मराठीचे चार दाणे असू शकतात."

"आणि तुमचा एकही नाही," काकू म्हणाल्या.

परतताना घाटावर कुल्हडमधला चहा आणि नव्या खजुराच्या गुळाचे संदेश. काकूंनी चार बांधून घेतले, पण ते हावडा यायच्या आत संपले.

दिवस सातवा

सकाळी कालीघाट. गर्दी फार. दुपारी परतीची गाडी, म्हणून टॅक्सीने जुन्या सर्क्युलर रोडवरून निघालो. १७४२ साली मराठ्यांच्या भीतीने कलकत्तेकरांनी खणलेला खंदक बुजवून हा रस्ता झाला आहे. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदकही अर्धाच राहिला. आमची टॅक्सी त्यावर पाऊण तास अडकली.

गाडीत सामान लावून झाल्यावर मी सरांना म्हटलं, गावात गेल्यावर नदीकाठच्या घरांत विचारू, दोनशे प्रती वाटल्यात म्हणता, कुठेतरी एखादी असेल. मिळाली तर चार छायाप्रती करू, एक कोलकात्याला पाठवू. चोपन्न वर्षं उशीर, पण पाठवू.

काकू दशम्यांचा डबा उघडत होत्या. "विचारायचं कशाला. एक आहे."

"कुठे?" सर.

"माझ्या ट्रंकेत. लग्नातल्या शालूखाली."

सर बघतच राहिले. "पूर आला तेव्हा..."

"ट्रंक माळ्यावर होती. पहिल्या पानावर तुम्ही काय लिहून दिलं होतंत आठवतंय का?" सरांना आठवत नव्हतं, किंवा माझ्यासमोर आठवायचं नव्हतं. काकूंनी दशमीवर चटणी घातली आणि ती त्यांच्या हातात दिली. "ती प्रत कोलकात्याला जाणार नाही. छायाप्रत काढा हवी तर. पहिलं पान सोडून."